‘काहीच खात नाही’ म्हणजे नेमकं किती?

लहान मूल जेवत नाही एवढं चारचौघांत नुसतं बोलून बघा, पुढचा अर्धा तास तुम्हाला तोंड उघडायची संधी मिळणार नाही. ज्यांना मुलं आहेत ते सांगतात, ज्यांना नाहीत ते जरा जास्तच सांगतात, कुणाकडे जंताच्या औषधाचं नाव तयार असतं, कुणाकडे टॉनिकचं, कुणी म्हणतं एक दिवस उपाशी ठेवा म्हणजे झक मारत खाईल, तर कुणाचं म्हणणं तुम्हीच लाडावून ठेवलंय. प्रेमापोटीच असतं हे सगळं, तक्रार नाही, पण गंमत अशी की एवढ्या गर्दीत एकही माणूस विचारत नाही की बाबा, जेवत नाही म्हणजे नेमकं किती खाते?

आमच्या लेकीबद्दल हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तो डाएटिशियन बाईंनी, आणि त्याचं उत्तर ना मला देता आलं ना बायकोला. आम्ही दोघं एका सुरात म्हणालो, "काहीच खात नाही हो." साडेतीन वर्षांच्या बाईसाहेब तेव्हा खुर्चीवरून टेबलाखाली आणि टेबलाखालून परत खुर्चीवर असा प्रवास करत होत्या. डाएटिशियननी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा आमच्याकडे, आणि विचारलं, "काहीच न खाता ही एवढी पळतेय कशावर?"

तिथवर पोचायलाच मुळात वेळ लागतो. दात किडला की आपण डेंटिस्टकडे जातो, नंबर लागला की चष्मा करतो, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही, पण मुलाच्या खाण्यासाठी तज्ज्ञाकडे जायचं म्हटलं की घरात एकदम वातावरण बदलतं. माझ्या आईने तर सरळच विचारलं, "पोरीला जेवू घालायला आता फी भरायची का?" तिच्या बाजूने बघितलं तर त्यात चूक काही नाही, तिने चार पोरं वाढवली, कुणी उपाशी राहिलं नाही. आणि खाणं ही गोष्टच अशी आहे की ती नीट जमली नाही तर बोट आईबापाकडेच जातं, म्हणून लोक महिनोन्‌महिने शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारत बसतात पण अपॉइंटमेंट घेत नाहीत.

आधी कुणाकडे जायचं हाही घोळच. आहारतज्ज्ञाकडे पळण्याआधी पीडियाट्रिशियनला दाखवावं असं आता मी सगळ्यांना सांगतो, कारण न खाण्यामागे साधं काहीतरी दुखणं असू शकतं. सगळ्यात सामान्य म्हणजे बद्धकोष्ठ. शी कडक होत असेल, दोन-दोन दिवस होत नसेल, तर पोट भरल्यासारखंच वाटतं, मग भूक कुठून लागणार. त्याशिवाय जळजळ, टॉन्सिल, दातांचं दुखणं, एखाद्या पदार्थाची ॲलर्जी, रक्त कमी असणं, यातलं बरंचसं मुलाला शब्दांत सांगता येत नाही, ते फक्त तोंड फिरवतं. आणि आपण समजतो नखरे.

आमच्या डॉक्टरांनी वजन-उंची घेतली आणि ग्रोथ चार्ट काढला. हा चार्ट आम्ही लसीकरणाच्या फाइलीत कित्येकदा बघितला होता, म्हणजे बघितला होता एवढंच, वाचला कधीच नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेले हे तक्ते, त्यासाठी ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतल्या सुमारे साडेआठ हजार मुलांची मोजमापं घेतली होती, आणि मुद्दाम अशी मुलं निवडली होती की ज्यांना आईचं दूध मिळालं, घरात कुणी सिगारेट ओढणारी आई नव्हती, आजारपणात वेळेवर उपचार झाले. थोडक्यात, मूल नीट वाढायला काही आडकाठी नसेल तर ते कसं वाढतं याचं ते चित्र आहे. डॉक्टरांनी पेनाने तिचे जन्मापासूनचे ठिपके जोडले. रेघ खालच्या बाजूला होती हे खरं, मधल्या रेषेच्या बरीच खाली, पण ती आपल्या वाटेने सरळ वर चढत होती. "मला ठिपका किती वर आहे त्यापेक्षा तो कुठे चाललाय यात इंटरेस्ट आहे," असं ते म्हणाले. कायम पंधराव्या पर्सेंटाइलवर असलेलं, म्हणजे त्याच्या वयाच्या शंभरातली पंधराच मुलं ज्याच्या खाली आहेत असं मूल बारीक असतं, एवढंच, पण साठाव्यावरून घसरत घसरत विसाव्यावर आलेलं मूल दिसायला गुटगुटीत असलं तरी त्याच्याकडे बघावं लागतं, म्हणजे शेजारच्या बाळसेदार पोराशी तुलना करण्यात काही हशील नाही.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती ऐकून बायकोचा चेहराच उजळला. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या वजनाच्या जवळपास तिप्पट होतं. त्यानंतर गाडी एकदम संथ होते, दोन ते पाच वर्षं या काळात मूल वर्षाला साधारण दोन किलोच वाढतं. वाढ मंदावली की भूकही मंदावते, त्यात आजार काही नाही. पण घरातले सगळे पहिल्या वर्षाच्या हिशोबानेच वाटी भरत असतात, त्यामुळे "आधी किती छान खायची" हे वाक्य जगातल्या झाडून सगळ्या दीड वर्षांच्या मुलांबद्दल बोललं जात असणार याची मला खात्री आहे.

तर डाएटिशियन बाईंनी उत्तर मिळालं नाही म्हणून डायरी लिहायला सांगितली. सलग काही दिवस, त्यात एक सुट्टीचा, तोंडात जे जे जाईल ते सगळं लिहायचं, वेळ लिहायची, कुणी दिलं ते लिहायचं, आणि प्यायलेलंही लिहायचं. शेवटच्या सूचनेवर त्यांनी दोनदा जोर दिला. मला वाटलं होतं पानभर सुद्धा भरणार नाही. प्रत्यक्षात सकाळी दूध, मग बिस्किट, आंघोळीनंतर अर्धं केळं, नाश्ता केला नाही म्हणून परत दूध, बागेत जाताना हातात बिस्किट, जेवण दोन घास, जेवली नाही म्हणून दूध, झोपून उठल्यावर ज्यूस, असं करत करत रात्री झोपताना पुन्हा बाटलीभर दूध. डायरी फ्रीजवर चिकटवली होती आणि घरातल्या प्रत्येकाने आपापल्या अक्षरात आपापली नोंद केली होती, ती एकत्र वाचल्यावर कळलं की "काहीच खात नाही" असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने तिला स्वतंत्रपणे काहीतरी दिलेलं होतं.

बाईंनी दुधाच्या नोंदींखाली रेघा मारल्या आणि बेरीज केली, लिटरच्या आसपास गेली. या वयात दिवसाला अर्धा लिटर दूध भरपूर झालं, दोन-तीन कपांच्या पुढे गेलं की ते जेवणाची जागा खातं. दुधात लोह जवळपास नसतंच, त्यातलं कॅल्शियम दुसऱ्या अन्नातल्या लोहाच्याही आड येतं, आणि लोह कमी पडलं की भूक मरते, भूक मेली की मूल जेवत नाही, जेवत नाही म्हणून आपण अजून दूध देतो. चक्र पूर्ण. डॉक्टरांनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन कमी निघालं, लोहाचं औषध सुरू झालं. ते दुधासोबत द्यायचं नाही, आंबट फळाबरोबर दिलं तर चांगलं कारण सी जीवनसत्त्वाने लोह जास्त शोषलं जातं, दातांना डाग पडू नयेत म्हणून ड्रॉपरने गालात आत सोडायचं, आणि शी काळपट झाली तर घाबरायचं नाही. हे शेवटचं आधी सांगितलं म्हणून बरं, नाहीतर त्या दिवशी आम्ही थेट इमर्जन्सीत असतो. आता हे कुणी व्हॉट्सॲपवर वाचून स्वतःच्या मनाने मुलाला लोहाची बाटली सुरू करू नका बरं का, लोह जास्त झालं तर लहान मुलांना विषासारखं बाधतं, डोस वजनावर ठरतो आणि तो डॉक्टरच ठरवतात.

ज्यूसचंही तसंच. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली सांगून टाकलंय की वर्षाच्या आतल्या बाळाला फळांचा रस देऊच नका आणि एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १२० मिलीच्या वर नको. शंभर टक्के फळांचा असला तरी. फळ द्या की सरळ, हातात द्या, कापून द्या.

पण मला जे अजून आठवतं ते पुढच्या भेटीतलं. बाईंनी घरचं जेवण डब्यात घेऊन यायला सांगितलं होतं आणि म्हणाल्या रोज भरवता तसंच भरवा, मी इथे नाहीये असं समजा. मग काय, मी मोबाइल धरला, तिचं आवडतं कार्टून लावलं, बायकोने बाजूने चमचा पुढे केला, तोंड उघडलं, घास गेला, पुढचा चमचा, तोंड उघडलं, घास गेला. आम्हाला तर वाटलं आज शहाण्यासारखी जेवतेय. बाई थोडा वेळ बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "आता एकदा रिकामा चमचा द्या." बायकोने रिकामा चमचा पुढे केला. तोंड उघडलं, चमचा आत गेला, ओठ मिटले, चमचा बाहेर आला, आणि पोरीच्या चेहऱ्यावर काहीसुद्धा फरक पडला नाही. स्क्रीनवरचा ससा उड्या मारत होता, तिने गिळल्यासारखं केलं आणि परत तोंड उघडलं.

त्या खोलीत मग बाई जे बोलल्या ते सगळं त्या एका चमच्यावरच होतं. मुलाला भूक कळते आणि पोट भरल्याचंही कळतं, हे त्याला शिकवावं लागत नाही, पण ते कळायला त्याचं लक्ष जेवणावर पाहिजे. १९९१ मध्ये अमेरिकेत लिअन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन ते पाच वर्षांच्या पंधरा मुलांचं प्रत्येक जेवण मोजलं होतं. एकाच मुलाचं एक जेवण आणि दुसरं जेवण यात सरासरी तेहतीस-चौतीस टक्क्यांचा चढउतार, पण अख्ख्या दिवसाची बेरीज केली की तो फरक दहा टक्क्यांवर यायचा. म्हणजे दुपारी दोन घासांवर उठलेलं पोर संध्याकाळी त्याची भरपाई आपल्या आपण करत असतं, आपण मात्र त्या दुपारच्या ताटाला धरून बसतो. याच बर्च बाईंच्या गटाने २००६ मध्ये दुसरा एक प्रयोग छापला, त्यात मुलांना सूप द्यायचे, एका सूपच्या वेळी "संपव ना, संपव" म्हणत राहायचे आणि दुसऱ्याच्या वेळी काहीच बोलायचे नाहीत. ज्यासाठी मागे लागले ते मुलांनी कमी प्यायलं आणि त्याला नावंही जास्त ठेवली. मोठ्यांना मागे लागलेलं आवडत नाही, मुलांना का आवडावं, हे खरं तर प्रयोगाशिवायही कळायला हरकत नव्हती.

मग काय करायचं? तर एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ आहेत, त्यांची कामाची वाटणी जगभरचे बरेच डाएटिशियन वापरतात. काय द्यायचं, कधी द्यायचं आणि कुठे बसून द्यायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, त्यातलं किती खायचं आणि खायचं की नाही हे मुलाने ठरवायचं. ऐकायला फार सोपं आहे. करताना हात शिवशिवतात. ठरलेल्या वेळा, मधल्या काळात फक्त पाणी, ताटात सगळ्यांसाठी जे आहे ते आणि त्यात तिला हमखास आवडणारी एक तरी गोष्ट, अर्ध्या तासात जेवण संपलं, ताट उचललं, "बस? पोट भरलं? ठीक आहे", एवढंच. "एक घास बाबांसाठी" बंद. "हे संपवलंस तर चॉकलेट" हेसुद्धा बंद, कारण त्यातून मुलाला एवढंच कळतं की भाजी ही शिक्षा आहे आणि चॉकलेट ही कमाई.

नव्या पदार्थाचं वेगळंच प्रकरण असतं. दोन ते सहा या वयात अनोळखी खाण्याची भीती सर्वात जास्त असते, आणि जुळ्या मुलांवरच्या अभ्यासांत असं दिसलंय की तिचा मोठा भाग रक्तातूनच येतो, तेव्हा मूल नाक मुरडतंय म्हणजे संस्कार कमी पडले असं काही नाही. एक पदार्थ आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर यावा लागतो, तेव्हा कुठे मूल तो आपला मानतं. बहुतेक घरांत तीन-चार नकारांनंतर "तिला गाजर आवडत नाही" असा निकाल लागतो आणि गाजर घरातून हद्दपार होतं. आमच्याकडे बाईंच्या सांगण्यावरून गाजराच्या काड्या रोज ताटाच्या कडेला ठेवायला लागलो, कुणी काही बोलायचं नाही या अटीवर. आधी ती त्या बोटाने ढकलून टेबलावर पाडायची. मग ताटातच राहू द्यायला लागली. मग एक दिवस काडी उचलून वास घेतला आणि परत ठेवली, बायकोने टेबलाखालून माझा पाय दाबला, कारण मी बोलणार होतो. मग चाटून झालं, चावून थुंकून झालं, बाईंच्या मते थुंकणं हीसुद्धा प्रगतीच, म्हणून त्यासाठी बाजूला एक कागद ठेवायला सांगितला होता. आज ती गाजर खाते का? कच्चं खाते, शिजवलेलं नाही. चालतंय.

मूल जेवत नाही म्हणणाऱ्या प्रत्येकाने पळत सुटावं असं माझं म्हणणं नाही. बहुतेक मुलं निवडक खातात आणि त्यातून बाहेरही येतात. पण काही खुणा अशा आहेत की तिथे "मोठी झाली की खाईल" या आशेवर बसू नये. वजनाची रेघ खाली उतरतेय. खाताना वारंवार ठसका लागतो, गुदमरतं, घास तोंडातच धरून बसतं. घट्ट पदार्थ चालतच नाहीत, फक्त पातळ. खाण्याचे पदार्थ आधीच मोजके, आणि त्यातला एक सुटला की त्याच्या जागी दुसरा येत नाही, यादी आखडतच जाते. जेवणाच्या वेळी रोज रडारड, ओकाऱ्या, आणि घरातल्या सगळ्यांचा जीव टांगणीला. याच्या काही प्रकारांना आता नावंही आहेत, त्यातला आर्फिड, म्हणजे खाणं टाळण्याचा किंवा अगदी मोजकंच खाण्याचा विकार, हा २०१३ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत आला. तो नखऱ्यांचा प्रकार नव्हे, बारीक दिसण्याच्या हौसेशीही त्याचा संबंध नाही, त्या मुलाला काही पदार्थांचा स्पर्श, वास, किंवा गुदमरण्याची भीती खरोखरच सोसत नाही. ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये असं निवडक खाणं बरंच जास्त दिसतं. अशा वेळी एकट्या डाएटिशियनने भागत नाही, चावणं-गिळणं बघायला स्पीच थेरपिस्ट लागतात (बोलण्याच्या थेरपिस्टचा गिळण्याशी काय संबंध असं मलाही वाटलं होतं, पण जीभ-ओठ-घसा तोच), स्पर्शाचं बघायला ऑक्युपेशनल थेरपिस्ट, आणि भीती बसलेली असेल तर बालमानसतज्ज्ञ.

तज्ज्ञही सगळे सारखे नसतात, हे पण सांगितलं पाहिजे. एका ठिकाणी आम्ही आधी जाऊन आलो होतो, तिथे वजन न करता, एकही प्रश्न न विचारता भूक वाढवायचं औषध आणि त्यांच्याच काउंटरवरचा पावडरचा डबा हातात आला, वर आठवड्याचा छापील तक्ता, त्यात वय लिहायची जागासुद्धा रिकामी. तक्ता छापील असेल तर उठून यावं असं माझं मत झालंय. चांगला माणूस आधी भरपूर विचारतो, शी कशी होते, झोप किती, जेवताना शेजारी कोण बसतं, घरातले बाकीचे कधी जेवतात, टीव्ही चालू असतो का, आणि मग यादीत घालतो कमी आणि काढतो जास्त. आमच्या बाईंनी पहिल्या भेटीत एकही नवीन पदार्थ सांगितला नाही.

त्यांच्याकडूनच मी क्लारा डेव्हिस यांचं काम ऐकलं आणि मग शोधून वाचलं. १९२० च्या दशकात या अमेरिकन डॉक्टरीण बाईंनी नुकत्याच दूध सोडणाऱ्या बाळांसमोर निरनिराळे साधे पदार्थ मांडले आणि ज्याला जे हवं ते, हवं तेवढं खाऊ दिलं. नर्सना सक्त ताकीद, मूल स्वतः हात करेल तेव्हाच चमचा भरायचा, आग्रह नाही, चेहऱ्यावर कौतुक नाही, काही नाही. पंधरा मुलं, चौतीस पदार्थ, कुणी एका जेवणाला नुसती फळंच खाल्ली, कुणी भलत्याच जोड्या लावल्या, पण वाढली सगळी छान. लोक हा प्रयोग "मुलाला काय हवं ते खाऊ द्या" याच्या बाजूने सांगतात, पण १९३९ साली डेव्हिस बाईंनी स्वतःच लिहिलं की खरी युक्ती पदार्थांच्या यादीत होती. त्या चौतीसात साखर नव्हती, डबाबंद काही नव्हतं, सगळं ताजं आणि जसंच्या तसं. निवड मुलाची, पण ताटात काय ठेवायचं ते मोठ्यांनी ठरवलेलं. शंभर वर्षं होत आली या प्रयोगाला, आणि आपण अजून नेमकं उलटं करतो, ताटात काय हवं ते पोरांना विचारतो आणि किती खायचं ते आपण ठरवतो.

सगळ्यात अवघड काम मात्र पोरीचं निघालंच नाही. नियम आम्ही दोघांनी पाळले तरी दुपारभर ती आजीजवळ असते, आणि माझ्या आईच्या हातून वेळेच्या आधी बिस्किट जायचं ते जायचंच. हे डायरीतल्या अक्षरावरून बाईंनी ओळखलं होतं बहुतेक, कारण त्यांनी निरोप पाठवला की पुढच्या वेळी दुपारी कोण भरवतं त्यांनाच घेऊन या. आई कुरकुरत आली. बाईंनी तिला काहीच शिकवलं नाही, उलट ती कशी भरवायची, तिची पोरं कशी जेवायची, हे सगळं ऐकून घेतलं. शेवटी आईनेच विचारलं, "हे ठीक आहे सगळं, पण ती न जेवता झोपली तर मला झोप लागत नाही, त्याचं काय करू?" बाई म्हणाल्या, त्याचं औषध नाही हो माझ्याकडे, आणि ग्रोथ चार्ट तिच्यासमोर सरकवला, हा औषध सुरू व्हायच्या आधीचा ठिपका, हा आजचा. आईने चष्मा लावला, रेघेवरून बोट फिरवत दोन्ही ठिपके बघितले, तारखा वाचल्या, आणि म्हणाली, "याची एक झेरॉक्स मला वेगळी द्या."